न उघडलेलं दार

मी वाढलो कल्याणात. स्टेशनवरून एका बाजूला गेलं की उल्हासनगर, दुसऱ्या बाजूला दुर्गाडीची खाडी ओलांडून कोनगावावरून गेलं की भिवंडी. लहानपणी उल्हासनगर म्हणजे स्वस्त जीन्स आणि पापड, आणि भिवंडी म्हणजे माग. बास. या दोन गावांच्या मध्ये आपण राहतो म्हणजे नेमकं कशाच्या मध्ये राहतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

उल्हासनगर म्हणजे फाळणी. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पात सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं येऊन राहिली आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. नावात उल्हास आहे. नदीवरून पडलेलं नाव आहे ते, पण घरदार सोडून आलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव असावं याचं मला अजूनही कसंतरीच वाटतं. आणि भिवंडी म्हणजे मे १९७०. पण मे १९७० हा विषय आमच्या घरात कधी निघतच नसे. का निघत नसे, तेच आज लिहायचं आहे.

आत्या, काका, तुमच्यापैकी काहीजण हे वाचाल. रागावू नका. आईला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिही. त्यांना सांगता आलं नाही, तू तरी सांग."

तर, जानेवारी १९८८. मी दहा वर्षांचा. दूरदर्शनवर 'तमस' सुरू झालं. भीष्म साहनींच्या हिंदी कादंबरीवर गोविंद निहलानींनी केलेलं. रात्री उशिरा लागायचं. मुलांनी बघू नये असं सगळ्या मोठ्यांचं मत होतं, त्यामुळे मी पांघरुणातून बघायचो. शेजारचे दोघंतिघंही आमच्याकडे यायचे. पहिल्याच भागात ओम पुरी एका कोंदट कोठीत डुक्कर मारायला धडपडतोय, घाम गाळतोय, ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. तो नथू. चामड्याचं काम करणारा. मुराद अली नावाचा एक वजनदार माणूस त्याच्या हातात पाच रुपये ठेवतो आणि सांगतो, सलोतरी साहेबाला मेलेलं डुक्कर हवंय. सलोतरी म्हणजे गुरांचा डॉक्टर. नथू बिचारा मारतो. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं आणि शहर पेटतं.

पुढे एका भागात एक म्हातारा शीख आणि त्याची बायको रात्रभर पायपीट करून पहाटे एका अनोळखी गावात पोचतात आणि एक दार ठोठावतात. हरनामसिंग आणि बंतो. त्यांचं चहाचं दुकान लुटून जाळलेलं असतं. दार एका मुसलमान घराचं असतं. तो म्हातारा दार ठोठावतो, आणि आमच्या घरात बाबा उठले. काही न बोलता गॅलरीत गेले. आईनं हाक मारली, "अहो, पुढचं चुकेल." ते आले नाहीत. एपिसोड संपला, शेजारी गेले, तरी ते गॅलरीतच. मला वाटलं विडी ओढत असतील. बाबा विडी ओढत नव्हते, पण दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसांनी अंधारात उभं राहण्याचं दुसरं काही कारण सुचत नाही.

हे मी पंधरा वर्षं विसरून गेलो होतो. ११ जुलै २००३ ला भीष्म साहनी गेले. दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये त्यांचा फोटो होता. बाबा पेपर हातात धरून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "हाच तो. दार ठोठावणारा."

बरोबर होतं त्यांचं. मालिकेत हरनामसिंगचं काम स्वतः भीष्म साहनींनीच केलं होतं. दार ठोठावणारा म्हातारा म्हणजे लेखकच. मी ते कौतुकानं सांगायला लागलो, तर बाबांनी मला थांबवलं आणि पहिल्यांदा भिवंडीची गोष्ट सांगितली.

१९७० साली बाबा चोवीस वर्षांचे होते. रोह्याकडून नोकरीसाठी आलेले. भिवंडीत एका सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचे. एका खोलीत तिघं जण मिळून राहायचे. ७ मेला शिवजयंतीची मिरवणूक निघाली. तेव्हा शिवजयंती तिथीनं, वैशाखात व्हायची. मिरवणुकीत दंगल पेटली आणि बघता बघता गावात पसरली. मग जाळपोळ, माणसं मारणं, सगळं. त्याच दिवसांत जळगाव आणि महाडलाही झालं.

त्या संध्याकाळी हे तिघं खोलीत कडी लावून बसले होते. मालकानं बजावलं होतं, कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही. अंधार पडल्यावर दार वाजलं. जोरात नाही, हलक्या हातानं. आणि आवाज आला, "भाऊ, मी आहे. दार उघडा."

आवाज बाबांच्या ओळखीचा होता. त्यांच्याच गोदामात सुताच्या गासड्या उचलणारा माणूस. कोकणी मुसलमान, बाबांशी मराठीतच बोलायचा. दुपारी भाकरी खाताना दोघं शेजारी बसायचे. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीच उठलं नाही. "मी उठणार होतो," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "नाही. मी उठणार नव्हतो. उगाच कशाला खोटं बोलू." त्यानं तीनदा हाक मारली. मग पावलं लांब गेली.

मी विचारलं, "मग? तो...?"

"जगला," बाबा म्हणाले. "तीन आठवड्यांनी कामावर आला. हाताला पट्टी होती. मला म्हणाला, 'कसं काय भाऊ?' मी म्हणालो, 'ठीक.' त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एका गोदामात काम केलं. त्यानं कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. पण मी त्याच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली नाही परत. लोकांना वाटलं मी धर्म पाळतो. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं रे."

एवढंच. या गोष्टीत कुणी मेलं नाही. कोर्टात जाईल असा गुन्हा झाला नाही. कुठल्याही चौकशी अहवालात ही गोष्ट येणं शक्य नाही. तरी बाबांनी ती तेहतीस वर्षं आतल्या आत ठेवली होती.

त्यानंतर मी 'तमस' नीट वाचली, आणि ती कशी लिहिली गेली ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. कारण 'तमस'चा जन्म भिवंडीतच आहे!

भीष्म साहनी मूळ रावळपिंडीचे, जन्म १९१५. मार्च १९४७ मध्ये, म्हणजे फाळणीच्याही आधी काही महिने, रावळपिंडी जिल्ह्यात भयंकर दंगे झाले. थोहा खालसा नावाच्या गावात शीख बायकांनी मुलाबाळांसकट विहिरीत उड्या टाकल्या. साहनी तेव्हा काँग्रेसचं काम करत. मदत समितीतर्फे गावोगाव जाऊन त्यांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यावर कादंबरी लिहिली नाही. कथा लिहिल्या, दिल्लीत कॉलेजात शिकवलं, काही वर्षं मॉस्कोत अनुवादाचं काम केलं. तेवीस वर्षं गेली. मग १९७० मध्ये भिवंडीची दंगल झाली आणि मोठे भाऊ बलराज साहनी यांच्याबरोबर ते भिवंडी बघायला आले. ओसाड गल्ल्या, जळकी घरं, बंद पडलेले माग. ज्यांनी भिवंडी पाहिली आहे त्यांना त्या बंद मागांचा अर्थ कळेल. त्या गावात खटाक्-खटाक् हा आवाज श्वासासारखा चालू असतो. तो थांबला की गावाचा श्वासच थांबल्यासारखा वाटतो. तिथं चालता चालता साहनींना वाटलं, हे मी आधी पाहिलंय. ही शांतता मी आधी ऐकली आहे. दिल्लीला परत जाऊन ते लिहायला बसले. त्या कादंबरीला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

म्हणजे बघा, रावळपिंडीची जखम भिवंडीत उघडली. एका माणसाच्या मनातलं १९४७ बाहेर यायला १९७० लागलं. मला वाटतं देशाचंही असंच असतं. जुनी जखम आपण आपणहून आठवत नाही. नवी झाली की जुनी ठणकते. तोवर आपण म्हणतो, कशाला ते उकरायचं, झालं गेलं गंगेला मिळालं.

हेच कोर्टातही म्हटलं गेलं. 'तमस'चे पहिले भाग दाखवल्यावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, की यानं तेढ वाढेल, प्रक्षेपण थांबवा. स्थगितीही मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी एक साधी गोष्ट केली. ते बसले आणि त्यांनी मालिका पूर्ण पाहिली. पाहून स्थगिती उठवली. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. बंदीची मागणी करणाऱ्यांना मी दरवेळी हे सांगतो, आधी पूर्ण बघा. अर्धवट पाहिलेल्या जखमेची भीती जास्त वाटते.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो.

भिवंडी-जळगाव-महाडच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं केली. त्यांनी पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले, आणि दंगल आभाळातून पडली नाही, तणाव आधीपासून वाढत आणि वाढवला जात होता, हे दाखवून दिलं. फार महत्त्वाचं काम. पण असे अहवाल आपल्याकडे वाचतं कोण? विधिमंडळात ठेवले जातात आणि कपाटात जातात. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोगाचा १९९८ चा अहवाल त्यातल्या त्यात लोकांना नावानं तरी माहीत आहे. मादन आयोग म्हटलं तर भिवंडीतली तरुण मुलंही विचारतात, "कोण मादन?"

कादंबरीचं काम वेगळं असतं. 'तमस'च्या शेवटी मदत समितीच्या कचेरीतला एक बाबू आहे. लुटलेली, घरातली माणसं गमावलेली लोकं त्याच्यासमोर येतात आणि प्रत्येकाला आपली कहाणी सांगायची असते. बाबू म्हणतो, कहाण्या नकोत, आकडे सांगा. किती मेले, किती जखमी, किती घरं जळाली, एवढंच. बाबू वाईट नाही. त्याला रजिस्टर भरायचंय. सरकारला आकडेच लागतात. मी वर भिवंडीत किती माणसं गेली तो आकडा लिहिलेला नाही, तो मुद्दामच. आकडा लिहिला की आपण तेवढाच वाचतो आणि पुढे जातो. आणि बाबांची गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही. मृत नाही, जखमी नाही, लूट नाही. 'दार उघडलं नाही' असा रकाना नसतो.

आणखी एक गोष्ट. संपूर्ण कादंबरीत टोचणी कुणाला लागते? ज्यानं कट रचला त्या मुराद अलीला नाही. सगळं कळत असून वेळेवर काही न करणाऱ्या रिचर्ड या इंग्रज डेप्युटी कमिशनरला नाही. त्याला बौद्ध अवशेष आणि पक्षी यांच्यात जास्त रस. टोचणी लागते ती नथूला. पाच रुपये घेऊन, फसवला गेलेल्या, सगळ्यात गरीब माणसाला. तो बायकोपाशी रडतो, त्याला झोप लागत नाही, शहरात आग दिसली की त्याला वाटतं ही मी लावली. शेवटी दंगल शमते आणि अमन कमिटीची बस निघते, शांततेच्या घोषणा देत. त्या बसमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसून घोषणा कोण देतो? मुराद अली! आणि नथू तोवर मेलेला असतो.

'राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धी' वगैरे मोठे शब्द आपण वापरतो. माझी समजूत अशी झाली आहे की राष्ट्राला ती वेगळी नसते. ती वाटून दिलेली असते, आणि वाटणी फार अन्यायाची होते. ज्यांचा वाटा मोठा असायला हवा त्यांच्याकडे ती औषधालाही नसते आणि सगळं ओझं नथूच्या डोक्यावर. किंवा एखाद्या चोवीस वर्षांच्या हिशेबनिसाच्या.

पण एवढ्यावर थांबलो तर मी बाबांना फार स्वस्तात सोडलं असं होईल. नथूला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं. आवाज ओळखीचा होता.

'तमस'मधलं ते दार मग उघडतं, बरं का. बाबा गॅलरीत होते म्हणून त्यांनी पाहिलं नाही. दार उघडणाऱ्या बाईचं नाव राजो. मालिकेत सुरेखा सिक्री, त्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राजो काही देवी नाही. आधी आत घेते, मग घाबरते, जा म्हणते, मग परत थांबवते. तिचा नवरा आणि मुलगा घरी येतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर लुटीची ट्रंक असते, आणि ती ट्रंक याच म्हाताऱ्याच्या दुकानातली! मुलगा कुऱ्हाड घेऊन मारायला धावतो, पण समोर ओळखीचा चेहरा पाहून त्याच्या हातून घाव पडत नाही. रात्री राजो दोघांना गावाबाहेर सोडून येते आणि ट्रंकेतले दागिने परत देते. म्हणजे एकाच घरात लूटही आहे आणि आसराही. साहनींनी कुठल्याही धर्माला राक्षस केलं नाही आणि कुणाला देवही केलं नाही, ते मला फार खरं वाटतं. १९७० च्या भिवंडीतही दारं उघडलेली होती. बाबांनीच सांगितलं, पलीकडच्या गल्लीत एका म्हातारीनं एका कुटुंबाला दोन दिवस माळ्यावर लपवलं होतं. "तिला कुणी विचारलं तर म्हणायची, माळ्यावर उंदीर झालेत."

मी बाबांना म्हटलं होतं, "तुम्ही तिघंच होतात, लहान होतात, बाहेर जमाव होता." ते म्हणाले, "म्हातारी एकटी होती."

भिवंडीत १९८४ साली परत दंगल झाली. पण त्यापुढची एक गोष्ट लोकांना फारशी माहीत नसते. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं तिथं मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. गल्लीगल्लीत दोन्ही धर्मांची साधी माणसं, पुढारी नव्हेत, आणि त्या भागातला पोलीस. नियमित भेटायचं, नळाच्या, गटाराच्या, भांडणाच्या गोष्टी बोलायच्या. बास एवढंच. आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी, होय भिवंडी, शांत राहिली. खोपड्यांनी त्यावर मराठीत पुस्तकही लिहिलंय.

मला यात 'तमस'चं उत्तर दिसतं. अमन कमिटी दंगलीनंतर निघाली तर तिच्या बसमध्ये मुराद अली बसतो. दंगलीच्या आधी, नळाच्या पाण्यावरून निघाली तर त्याला बसायला जागा उरत नाही. रात्री दार वाजल्यावर माणसानं शूर व्हावं ही अपेक्षा फार मोठी आहे. आधी दहा वेळा त्या दारातून येणं-जाणं झालेलं असेल तर तेवढं शूर व्हावं लागत नाही. बाबा आणि तो माणूस शेजारी बसून भाकरी खायचे, पण गोदामात. एकमेकांच्या घरी ते कधी गेले नव्हते. त्यानं पहिल्यांदा घराचं दार वाजवलं ते त्या रात्री.

एक शेवटचं. डिसेंबर ९२ मध्ये कल्याणातही वातावरण तंग होतं. त्या आठवड्यात बाबा रोज रात्री दाराशी खुर्ची टाकून बसायचे. मी चौदा वर्षांचा, मला वाटायचं बाबा पहारा देतायत, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. २००३ मध्ये ही सगळी गोष्ट ऐकल्यावर मी विचारलं, तेव्हा काय करत होतात?

म्हणाले, "ऐकत होतो. परत कुणी वाजवलं आणि मला झोप लागलेली असली तर?"

कुणी वाजवलं नाही. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. तो माणूस कुठं आहे, आहे की नाही, मी शोधलं नाही. दोनदा भिवंडीला जायला निघालो आणि कोनगावावरून परत आलो. काय सांगणार होतो त्याला? माझ्या वडिलांनी दार उघडलं नाही, हे त्याला माझ्याआधीपासून माहीत आहे.

पण या रविवारी जायचं ठरवलंय. ते गोदाम आता नसेलही. आई म्हणते, "मीही येते. निदान विचारून तरी बघू."